सटवाईचा लेख आणि मिथाइलची खूण

पुण्यातल्या आईने फोनवर आपल्याला ओळखले नाही, की सिडनीतल्या मुलाच्या मनात पहिली भीती उभी राहते ती स्वतःबद्दलची. उद्या हे माझ्याही वाट्याला येणार का? सटवाईने कपाळी लिहिलेले टळत नाही, ही आपली जुनी समजूत. हल्ली सटवाईच्या जागी जनुके आली, एवढाच फरक.

एपिजेनेटिक्सने या समजुतीला तडा दिला. डीएनएचा मजकूर न बदलता त्यावर मिथाइल गटाच्या रासायनिक खुणा बसतात आणि कोणते जनुक जागे, कोणते गप्प, हे ठरवण्यात त्यांचा वाटा असतो. या खुणा बारकाईने वाचण्याची बायसल्फाइट पद्धत १९९२ साली सिडनीतच मारियान फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी मांडली. २००८ मध्ये कॅनबेरात रिशार्ड मालेश्का यांच्या गटाने मधमाशीच्या कोवळ्या अळ्यांमध्ये खुणा उमटवणारे एक विकर दाबून टाकले. एरवी ज्यांतल्या बहुतेक कामकरी झाल्या असत्या, त्यांतल्या बहुतेक राण्या होऊन बाहेर पडल्या. जनुके तीच, जन्म निराळा.

माणसाच्या मेंदूचे कोडे एवढ्या सहज सुटत नाही. अल्झायमरच्या रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत ‘एएनके१’ या जनुकापाशी खुणा बदललेल्या आढळल्याचे २०१४ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवले. पण बदलांमुळे आजार आला, की आजारामुळे बदल झाले, हे मृत मेंदू सांगत नाही. एकाच बीजाच्या जुळ्यांतही एकाला स्मृतिभ्रंश होतो आणि दुसरा ठणठणीत राहतो, असे घडते.

धोका पुढेच आहे. नशीब मागे पडले की आपण कर्माचा हिशेब काढतो. आईने वाचन सोडले, बाबा कधी चाललेच नाहीत, म्हणून हे झाले, असे नातेवाईक बिनदिक्कत बोलतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले. ते सगळे दूर झाले तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्याचा अंदाज. पण हा आकडा साऱ्या समाजाचा आहे, त्यावरून एका माणसाचा निवाडा करता येत नाही. शिवाय त्या यादीत अपुरे शिक्षण आहे, प्रदूषित हवाही आहे. चौथीनंतर शाळेतून काढलेल्या मुलीने म्हातारपणी त्याचा दोष का घ्यावा?

रक्तदाब सांभाळा, श्रवणयंत्र लावायला लाजू नका, मुलींना शिकवा. मात्र आजारी माणसाकडे त्याच्या गेल्या आयुष्याचा जाब मागू नका.