एक रकाना

गाडीचा विमा आणि चालवणाऱ्याचं लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या बायकांना कुणी नीट सांगत नाही. १९८८च्या कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा; त्यासाठी मालकाकडे लायसन्स असलंच पाहिजे असं नाही. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कवच तेवढं वैध लायसन्सवर अवलंबून.

माझ्या पुतण्याचं लायसन्स मोबाईलवर बोलत गाडी चालवल्यापायी तीन महिने निलंबित झालं, त्यातच विमा संपत आला. 'वैध लायसन्स आहे का?' या रकान्यापाशी एजंट म्हणाला, "हो लिहा की, कोण बघतंय!" घरात कुणालाच वावगं वाटलं नाही. खोट्याची गरज नव्हती, तरी लाजेपायी लिहायचं!

सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' आहे, म्हणजे खोटा लेख करणं. आपण ते दुकानाच्या वहीपुरतंच धरलं. (पाठशाळेतलं पाठशाळेतच राहतं.) अशा लायसन्सवर गाडी काढून कुणाला उडवलं, तर कोर्ट कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून ती मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. पैशाचं निस्तरेल हो, पण त्या माणसाचा पाय? रकान्यात 'हो' लिहिलं की गाडीची किल्ली खुंटीवरून काढायला पोराला कोण अडवणार?