मुद्रा आणि मालकी

घाटकोपरच्या आमच्या भजनी मंडळाने कार्तिकातल्या काकड्याची चित्रफीत, गुडघ्यांच्या दुखण्याने देवळापर्यंत येऊ न शकणाऱ्या आणि मुलांकडे परदेशी जाऊन राहिलेल्या मंडळींना घरबसल्या पाहता यावी एवढ्याच हेतूने, यूट्यूब या दृक्‌श्राव्य मंचावर ठेवली. आणि तिसऱ्या दिवशी सूचना आली की तिच्यातील संगीतावर एका कंपनीने हक्क सांगितल्यामुळे ती काढून टाकण्यात आली असून मंडळाच्या नावावर एक ‘स्ट्राइक’ नोंदवला गेला आहे. ती सूचना मी वाचून दाखवली तेव्हा आमचे पखवाजी बुवा पखवाजाला कणीक लावता लावता थांबले आणि म्हणाले, “तुकोबांचा अभंग कुणी विकत घेतला का रे?”

कायद्याचे उत्तर सरळ आहे, आणि ते अन्यायाचे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. शके १५७१ मध्ये वैकुंठवासी झालेल्या तुकोबांच्या शब्दांवर म्हणून आज कोणाचीही सनद चालत नाही. परंतु चाल ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र कृती. ज्या श्रीनिवास खळ्यांनी लता मंगेशकरांच्या कंठासाठी तुकोबांच्या अभंगांना चाली बांधल्या ते २०११ साली निवर्तले, तेव्हा त्या चालींवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत जिवंत राहील; ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याहून निराळा, प्रसिद्धीपासून ६० वर्षांचा. याच कायद्याचे ५२ वे कलम खऱ्या धार्मिक विधीतील गायनवादनाला मुभा देते. पण देवळात म्हटलेले पुढे चित्रफितीतून जगभर दाखवायलाही ती मुभा लागू आहे, असे त्यात लिहिलेले नाही. आणि कबूल केले पाहिजे की, आमच्यापैकी कित्येकांच्या कानांत बसलेल्या चाली गुरुमुखातून आलेल्या नाहीत, आकाशवाणीवरून आलेल्या आहेत. चाल बांधणाऱ्याचे ऋण वारकऱ्याने नाकारावे, हे मला पाप वाटते.

तरीही बुवांचा प्रश्न शिल्लक राहतोच, कारण तो कायद्याचा नव्हता. आपल्या परंपरेत रचनेवर नाव घालतात ते कशासाठी? संतांनी अभंगाच्या शेवटी आपली मुद्रा ठेवली, पण त्या मुद्रेने कोणाला गाण्यापासून अटकाव केला नाही. हे शब्द कोणाचे, आणि त्यांचा जाब विचारायचा तर कोणाला, एवढे सांगणारी ती जबाबदारीची खूण होती. सालोमालो नावाचा एक समकालीन तुकोबांच्या अभंगांत त्यांची मुद्रा काढून आपली घालीत असे, आणि त्याबद्दलचा तुकोबांचा संताप गाथेतच नमूद आहे. मला तो संताप उत्पन्न बुडालेल्या मालकाचा वाटत नाही. ज्याने पाहिले नाही त्याने पाहिल्याची साक्ष द्यावी, याची ती चीड आहे. उलट प्रभातच्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेले बीजावरचे गीत लोकांनी तुकोबांचाच अभंग मानले. तेथे कवी आपल्या विषयात असा विरून गेला की त्याचे नाव सांगावे लागते. ते सांगितलेच पाहिजे, आणि गीतही गाइले पाहिजे.

असे दावे शोधण्यासाठी वापरले जाणारे, ध्वनीशी ध्वनी ताडून पाहणारे यंत्र सादृश्य सांगू शकेल. भाव आणि हेतू यांची चौकशी त्याच्या कक्षेबाहेरची आहे. यूट्यूबचा नियम असा की, ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर संपूर्ण वाहिनी बंद होऊ शकते. प्रतिसूचना दिली तर दावेदाराला न्यायालयात गेल्याचा पुरावा देण्यास कामकाजाचे १० दिवस मिळतात. ज्या मंडळाचा वर्षाचा जमाखर्च एका वहीत मावतो, ते न्यायालयाच्या नुसत्या नावानेच आपली कैफियत मागे घेते. आम्हाला आलेल्या सूचनेत हक्क शब्दांवर सांगितला आहे, चालीवर की ध्वनिमुद्रणावर, याचाही खुलासा नव्हता. अंमलबजावणी आधी आणि सुनावणी मागून, या क्रमाला न्याय म्हणण्यास माझे मन धजत नाही.

हा क्रम आपल्याकडे पूर्वीही घडला आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या त्या निवाड्यामागे, परंपरा सांगते त्याप्रमाणे, रामेश्वरभट्टांसारख्या विद्वानाचे शास्त्र होते. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, आणि माझीही. पण त्या कथेत मला सर्वांत थोर वाटते ते हे की, निवाडा करणारा माणूस होता, म्हणून त्याला तुकोबांसमोर उभे राहता आले, लाज वाटता आली, आणि शेवटी शिष्य होता आले. यंत्राला हा मार्ग मोकळा नाही. तो त्याच्यामागे बसलेल्या माणसांना मोकळा आहे, जर त्यांनी आमचे म्हणणे ऐकायचे मनावर घेतले तर.

प्रतिसूचना मी भरून पाठवली आहे. काकड्याच्या अखेरीस आम्ही तुकोबांची जी आरती म्हणतो, तिच्या शेवटी मुद्रा आहे ती रामेश्वरभट्टांची. काढून टाकलेल्या त्या चित्रफितीत शेवटची पाच मिनिटे तीच होती.