थट्टा कोणाची, आणि कोठवर?



दिवाळी सरली, भाऊबीज झाली, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. धान कापून बांधीतून खळ्यावर येऊ लागलेला असतो, माणसाचे मन जरा मोकळे झालेले असते. वैनगंगेच्या काठच्या कारध्यापासून पार वडशापर्यंत दंडार, खडी गंमत आणि नाटक यांना ऊत येतो. ढोलकी वाजते, शाहीर उभा राहतो, नाच्या ठेका धरतो आणि मग सोंगाड्या पुढे येतो. सरपंच म्हणू नका, सावकार म्हणू नका, नवरा-बायको म्हणू नका, देवादिक म्हणू नका. तो कोणाला म्हणून सोडत नाही. लोक पोट धरधरून हसतात. आता तर त्या सोंगाड्याच्या जोडीला घरोघरी मोबाईलही आला आहे. त्यातले थट्टेखोर रात्रंदिवस बोलतच असतात.

म्हणूनच सप्ताहाच्या मंडपात, पंगतीत, दिंडीच्या मुक्कामी एक प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. “काहून बा, हसाले काही हद्द पायजे का नाही? कोणत्या गोष्टीची थट्टा करूच नये, असं काही आहे का नाही?” प्रश्न साधा दिसतो, पण साधा नाही. त्याची दोन उत्तरे लोकांच्या तोंडी तयार असतात. एक म्हणतो, हसण्याला हद्द कसली? ज्याला रुचत नाही त्याने उठून जावे. दुसरा म्हणतो, देव, धर्म आणि संत यांना हात लावायचा नाही, बाकी कोणाची वाटेल ती टिंगल करा. आम्हांस ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. ती का, हे आज पाहू.

आधी देवाची गोष्ट घेऊ. देवाची थट्टा हा जर मूळचाच वर्ज्य विषय असता, तर आमच्या संतांची निम्मी वाणी बाद झाली असती. एकनाथमहाराजांनी भीमातीरीच्या विठ्ठलाला चक्क भूत म्हटले आहे. लागले की सुटत नाही असे! जनाबाई विठोबाशी भांडली, त्याला बोल लावले. तुकोबांनी तर उद्वेगाच्या भरात आपल्यापुरता देव मेला, असे म्हणून टाकले. त्यांच्यावर कोणी फिर्याद केली काय? विठोबा विटेवरून उतरून निघून गेला काय? तो अठ्ठावीस युगे उभाच आहे. जेथे प्रेम आहे तेथे थट्टा आहे. घरात ज्याची कोणी थट्टाच करीत नाही, त्याच्याविषयी फार तर भीती असते, जिव्हाळा नसतो.

आता कोणी म्हणेल, “महाराज, संत आतले होते. बाहेरच्याने केली तर?” बरोबर आहे, तेही पाहिले पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. एक भटजोशी अडाणी कुणबी नवराबायकोला ग्रहदशेची भीती घालून कसा लुबाडतो, हे त्यात दाखवले आहे. आणि मधे मधे एक विदूषक येऊन त्या लबाडीची साले काढतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले. पण विचार करा, त्या विदूषकाने थट्टा केली ती कोणाची? देवाची नव्हे, देवाच्या नावावर चाललेल्या धंद्याची. त्या हसण्याने एखाद्या कुणब्याची म्हैस विकायची वाचली असेल, तर ते हसणे पुण्याचेच म्हणावे लागेल. धर्माच्या नावाखालचे ढोंग हा विषयच वर्ज्य ठरवला, तर त्यात सोय ढोंग्याची होते, देवाची नाही.

आणि समजा, थट्टा खरोखरच वावगी झाली, मन दुखावले. मग काय करायचे? ४ जून २००८ रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतनाच्या वाहनतळात बॉम्बचा स्फोट झाला. ‘आम्ही पाचपुते’ या विनोदी नाटकात पुराणातल्या पात्रांची टवाळी आहे, एवढ्या रागापायी तो ठेवलेला होता. सात माणसे जखमी झाली. २०११ साली मुंबईच्या न्यायालयाने दोघांना दोषी धरून शिक्षा दिली. सज्जनहो, त्या नाटकाने देवाच्या अंगावर ओरखडाही उठला नव्हता. रक्त निघाले ते माणसांचे. आणि सर्वांभूती भगवंत पाहणाऱ्या वारकऱ्याच्या हिशेबी ते रक्त कोणाचे झाले? ज्याने देवाची थट्टा केली त्याने शब्दाचा अपराध केला असे एक वेळ धरू. ज्याने बॉम्ब ठेवला त्याने देवालाच जखमी केले. जाणूनबुजून दुष्ट हेतूने धर्मभावना दुखावणाऱ्यासाठी सरकारी कायदा १९२७ पासून आहे, नव्या न्यायसंहितेतही तो कायम आहे. त्याचे काम तो करील. वारकऱ्याच्या हातात टाळ आहे, तेथे दगड शोभत नाही.

तर मग हद्द नाहीच काय? आहे, पण ती विषयाला नाही. हे समजायला दूर जायला नको, कारध्यालाच उभे राहावे. पावसाळ्यात वैनगंगा किती चढली ते येथे पुलाशी मोजतात. समुद्रसपाटीपासून २४५ मीटरच्या आसपास पाणी आले, की जिल्हाभर दवंडी होते, “कारध्याले पाणी चढलं!” ती धोक्याची खूण नदीला अडवायला केलेली नाही. नदी वाहणारच, वाहिली नाही तर धान कशावर पिकणार? खूण केली आहे ती सखल भागातल्या माणसांसाठी. २०२० सालच्या ऑगस्टअखेर वरच्या मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटले आणि वैनगंगेला महापूर आला. तेव्हा पाणी शिरले कोणाच्या घरात? उंचवट्यावरच्या माडीवाल्याने गच्चीतून पूर पाहिला. सखल वस्तीतल्या बाईने डोक्यावर चूल आणि कडेवर पोर घेऊन घर सोडले. पाणी एकच, पण ते उतरणीकडे धावते.

हसण्याचेही तसेच आहे, बाबांनो. हशा नेहमी सखलाकडे धावतो. बलवंताची थट्टा केली तर तो उंचावर असतो, त्याचे पाय ओले होतात, फार झाले तर धोतर भिजते. दुबळ्याची थट्टा केली तर तिचे पाणी त्याच्या घरात शिरते आणि तेथेच तुंबून राहते. शाळेत पोराला त्या नावाने हाक मारतात, लग्नाच्या बैठकीत मुलीला तेच ऐकवतात. म्हणून ‘विषय कोणता?’ हा पहिला प्रश्न नव्हे. ‘पाणी कोणाच्या घरात शिरणार?’ हा पहिला प्रश्न.

कर्जाचाच विषय घ्या. आमच्या विदर्भाला कर्जाचे दुःख सांगायला नको. या दुःखाची थट्टा करावी काय? सावकाराच्या वहीची करा, अनुदानाच्या कागदासाठी सात हेलपाटे घालायला लावणाऱ्या टेबलाची करा, लग्नात बँड लावण्यासाठी शेत गहाण टाकणाऱ्या आमच्या हौसेचीही करा. पण गळफास घेतलेल्याच्या घरी मागे राहिलेल्या बाईवर मात्र हशा पिकवू नका. विषय दोन्हीकडे एकच, कर्ज. एका ठिकाणी हसणाऱ्याला जाग येते, दुसऱ्या ठिकाणी रडणाऱ्याला आणखी एक वार बसतो.

नाथमहाराजांनी हे वर्म किती नेमके ओळखले होते! त्यांच्या भारुडांत आंधळा आहे, बहिरा आहे, मुका आहे, पांगळा आहे. आजच्या भाषेत म्हणायचे तर दिव्यांगांचा विषय. म्हणजे कोणीही म्हणेल, येथे विनोद नको. पण त्या भारुडात बहिरा कोण आहे? ‘तो’ बहिरा नाही, ‘मी’ बहिरा आहे. कान असून हरिकीर्तन ऐकले नाही, म्हणून बहिरा. मुका कोण? सगळी शास्त्रे तोंडपाठ असलेला पंडित, ज्याची वाचा गर्वाने गेली. म्हणजे ऐकू न येणाऱ्या गरिबाच्या सोंगाने महाराजांनी आम्हा कानवाल्यांना आणि जीभवाल्यांना हसवता हसवता उघडे पाडले. भवानीला नवस बोलून सासरची सगळी माणसे वाटेतून दूर कर म्हणणारी ती सून घ्या. सासू-सासरे हे आपलेच विकार आहेत हे न समजता आम्ही नुसते सासूवर हसून घरी आलो, तर तो नाथांचा विनोद नव्हे, आमचा झाला.

आता हे माप आम्ही आमच्याच फडाला लावले पाहिजे. दुसऱ्याची पातळी मोजायची आणि आपल्या दारातली सोडायची, हे बरे नव्हे. सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन होते. वाकड्या, बोबड्या आणि पेंद्या हे कान्होबाचे सवंगडी. काल्याचा अर्थ काय? ज्याच्या घरी लोणी आहे त्याची आणि ज्याच्या घरी शिळी भाकर आहे त्याची शिदोरी एका ठिकाणी कालवायची, आणि देवाने सगळ्यांचे उष्टे खायचे. लंगडणारा पेंद्या तेथे मागे पडत नाही, देव त्याच्यासाठी थांबतो. त्या खेळात हसू आहे, पण ते एका ताटातले हसू आहे. आणि अलीकडे मात्र काही ठिकाणी काय दिसते? बोबड्याची नक्कल दहा मिनिटे, पेंद्याचे लंगडणे दहा मिनिटे आणि काला दोन मिनिटे! समोर पहिल्या रांगेत टोपी घालून बसलेले एखादे पोर जर तोतरे बोलणारे असेल, तर त्याने दुसऱ्या दिवशी शाळेत तोंड उघडावे कसे? देवाने ज्याच्या हातचे उष्टे खाल्ले, त्याला आम्ही हशाचे खाद्य करावे काय?

तीच गोष्ट बायकांवरच्या, काळ्या रंगावरच्या, आडनावावरून जात काढणाऱ्या विनोदांची. चोखोबांची समाधी महाद्वाराशी आहे, तिला नमस्कार करून आत जायचे आणि बाहेर येऊन जातीवर हशा घ्यायचा, हे कसे चालेल? शिवाय कीर्तनाच्या गादीवरून हसत सांगितलेली गोष्टही लोक खरी धरून घरी नेतात. २०२० साली अपत्यजन्माविषयी कीर्तनात केलेल्या एका विधानावरून एका लोकप्रिय विनोदी कीर्तनकारांवर खटला उभा राहिला आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायनिवाडा न्यायालयाचा, आमचे सांगणे एवढेच, की ज्या गादीपुढे आयाबाया डोके टेकवतात तेथला शब्द तमाशाच्या बोर्डावरच्या शब्दाहून जड असतो. सोंगाड्या सोंग उतरवतो, तेव्हा त्याचे बोलणेही सोंगाबरोबर उतरते. बुवाला ती सवलत नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. गरीब तेवढा शहाणा आणि दुबळा तेवढा निर्दोष, असे थोडेच आहे? त्याच्या चुकीवर हसायचेच नाही काय? हसावे, पण गाडगेबाबांसारखे. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा माणूस कीर्तनात समोरच्या अडाणी माणसांचीच फिरकी घेई. बोकड कापण्यावर, कर्ज काढून तेरवी घालण्यावर, दारूवर तो असे काही प्रश्न टाकी, की लोक स्वतःच उत्तर देत आणि स्वतःच हसत. तरी कोणी दुखावले जाऊन उठून गेले नाही. कारण? कीर्तनाआधी बाबांनी त्याच गावाचा रस्ता खराट्याने झाडलेला असे. ज्याने आमची घाण काढली, त्याला आमच्या घाणीवर बोलण्याचा अधिकार होता. आणि बाबा स्वतः कोणत्या उंचवट्यावर उभे होते? अंगावर चिंध्या आणि हातात मडके. ते खालूनच बोलत होते. आधी खराटा, मग थट्टा, हा त्यांचा क्रम आम्ही विसरतो आणि खराटा घरी ठेवून नुसती थट्टा घेऊन येतो.

तेव्हा सज्जनहो, कोणता विषय वर्ज्य, याची यादी करण्याच्या नादी लागू नये. अशी यादी शेवटी ज्याच्या हाती सत्ता असते तोच लिहितो, आणि तीत पहिले नाव स्वतःचे घालतो. त्यापेक्षा एक सोपी खूण सांगतो. मंडईत असो की मंडपात, हशा पिकला की हसणाऱ्यांकडे पाहू नका. न हसलेल्यांकडे पाहा. मान खाली घातलेली बाई दिसली, मागच्या मागे उठून गेलेला म्हातारा दिसला, तर समजा, पाणी खुणेच्या वर गेले. मग आरडाओरडा नको, तंबू पाडणे नको. आपण हसायचे थांबावे. दहा माणसे हसायची थांबली, की सोंगाड्याला ते लगेच कळते. तो हुशार असतो. पुढच्या गावी तो विनोद तो आपोआप गाळतो. कार्यक्रम संपल्यावर त्याला चहाला बोलवावे आणि गोडीने सांगावे, “बापू, बाकी लय बेस झालं, तेवढं एक मात्र लागलं.”

आणि कोणी आमच्या माळेवर, आमच्या बुक्क्यावर, पायी वारीत मध्येच एसटी पकडणाऱ्या वारकऱ्यावर हसला, तर आपणही त्याच्याबरोबर हसावे. त्यात थोडे खरे असतेच. ज्याला स्वतःवर हसता येते, त्याचा अहंकार काल्यातल्या लाहीसारखा दह्यात विरघळतो. आणि अहंकार गेल्यावर उरतो तो पांडुरंगच.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!