यंत्राला शिकवावे काय?

गेल्या नव्याच्या सणाला आमच्या नातीने अश्दोदला आमच्या थोरल्या बहिणीस मराठीत पत्र पाठवले. पोर येथे पुकेकोहेत जन्मलेली; तिला मराठी समजते, लिहिता येत नाही. पत्र फोनमधल्या कृत्रिम बुद्धीने लिहून दिले होते. शुद्धलेखन पाहून आमच्यातला मास्तर खूष झाला. पण बहिणीचा फोन आला, "अरे, हे पत्र कुणा परक्याचं वाटतं. 'रोश हशानाच्या हार्दिक शुभेच्छा' आपल्या घरात कधी कोण म्हणत होतं?"

तेव्हा आम्ही यंत्राची परीक्षाच घेतली. दारफाळणीचा सण म्हणजे काय, असे विचारले. त्याने कुठल्याशा फाळणीशी संबंध जोडून उत्तर दिले, आणि तेही इतक्या ठामपणे की आमच्या वर्गातला ढ मुलगासुद्धा धजला नसता! किप्पुरला आपले वाडवडील दारे लावून घरात बसत, म्हणून ते नाव. पण यंत्र शिकते ते मुख्यतः छापलेल्या मजकुरावरून. आणि आपल्या आयाबहिणींची बोली छापली किती? केहीमकरांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आपला इतिहास छापून निघाला १९३७ साली, तोही इंग्रजीत.

मग त्याला आपण शिकवावे काय? येथील माओरी लोकांना हा प्रश्न आपल्याआधी पडला. उत्तरेकडे कैताईआ येथे त्यांची 'ते हिकू' ही प्रसारण संस्था आहे. २०१८ साली तिने लोकांना माओरी वाक्ये वाचून ध्वनिमुद्रित करण्याची हाक दिली, आणि दहा दिवसांत तीनशे तासांहून अधिक बोलणे जमले. त्यावरून माओरी ऐकून लिहून घेणारे यंत्र त्यांनी स्वतःच घडवले. एका परदेशी कंपनीने अशा बोलण्याला ताशी भाव देऊ केला, तो त्यांनी नाकारला. जमिनी गेल्या, निदान भाषेचे राखणदार तरी आपण असावे, हा त्यांचा विचार. तरीही २०२२ साली एका अमेरिकी कंपनीने आपले यंत्र काढले, त्यात इंटरनेटवरून घेतलेले हजाराहून अधिक तासांचे माओरी होते.

कोणी म्हणेल, भाषा ही काय कुणाची मालमत्ता आहे? विद्या दिल्याने वाढते, हे आम्हीच जन्मभर मुलांना सांगितले. परंतु आमच्या हाताखालचे मूल चुकले तर त्याचा कान धरता येत असे. या यंत्राचा कान कुठे आहे? उलट, सारे झाकून ठेवावे तर आमच्या बहिणीच्या पिढीबरोबर चूक सुधारणारेही जातील. म्हणून आमचे मत असे, की आवाज आताच टिपावेत, पण ते समाजाच्या हाती राहावेत. कुणाला द्यायचे ते समाजाने विचारून ठरवावे.

खरे सांगायचे तर आम्हाला दुसरीच गोष्ट लागली. नात पत्र लिहवून घेत होती तेव्हा आम्ही शेजारच्याच खोलीत बसलो होतो. आम्हाला का नाही विचारलेस, म्हटले. म्हणाली, "तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ काढत बसता."

आता दर रविवारी ती अश्दोदला फोन लावते आणि बोलणे टिपून ठेवते. परवा बिरड्यांच्या सणाचे चालले होते. मध्येच बहिणीने विचारले, "हे पुढे कोण ऐकणार गं?" नातीने आमच्याकडे पाहिले. आम्हीही गप्पच. मग पलीकडून आवाज आला, "बरं, ते राहू दे. वाल आदल्या दिवशी भिजत घालायचे, ते आधी लिहून घे."