नेम आपला, की आपण नेमाचे?



दत्तजयंती जवळ आली की घरोघरी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. पहिल्या दिवशी १ ते ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, मग २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी समाप्ती. पाचव्या दिवशी तीनच अध्याय का, असं नवा वाचक विचारतो. अध्याय मोठे आहेत म्हणून. अशी रुळलेली वाट मिळाली की नवख्याचं काम सोपं होतं.

पण विचार न करता उचललेल्या गोष्टीला साधना म्हणायचं का? मी बँकेत हयात घालवलेला कॉमर्सचा माणूस. उत्तर काउंटरवरच शोधतो.

नवीन कॅशियर नोटा मोजताना तोंडाने आकडे म्हणतो. काही महिन्यांनी बोटंच मोजू लागतात आणि मन मोकळं होतं. त्या मोकळ्या मनाने बनावट नोट हेरायची की शेजारच्याशी गप्पा मारायच्या, हे सवय ठरवत नाही, आपण ठरवतो. जपमाळेचंही तेच. मणी ओढायला बोटं शिकलीच पाहिजेत. त्यानंतर मन नामात ठेवायचं की बाजारात, खरी साधना तिथे सुरू होते.

हे झालं एकट्याचं. चारचौघांचा नेम निराळा. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांकडे वेगवेगळ्या. संध्याकाळी दोघांनी रोकड मोजायची आणि सह्या करायच्या. सुरुवातीला दोघंही मोजतात. मग विश्वास बसतो आणि "तू मोजलंस ना? मग झालं" असं सुरू होतं. सह्या दोन, डोळे एकाचेच! बाहेरून नेम तसाच दिसतो, आतून निम्मा गेलेला असतो.

बरं, हे नेहमी आळसाने होत नाही, पुष्कळदा चांगुलपणाने होतं. दुसऱ्याने मोजलेलं पुन्हा मोजणं म्हणजे त्याच्यावर संशय, असं वाटतं. मला उलट वाटतं. उद्या रक्कम कमी भरली तर त्याच्या एकट्यावर बालंट येऊ नये, म्हणून आपण मोजायचं. तो अविश्वास नाही, ती सोबत आहे.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्यांतली एक कुमारी. घरी पाहुणे आलेले, साळी कांडताना बांगड्या वाजतात, म्हणून ती एकेक करून कमी करते. दोन उरल्या तरी वाजतातच, शेवटी हातात एकच ठेवते. योग्याने एकटं राहावं, ही त्यातली शिकवण. आपण पडलो प्रपंची. आपल्या हातात चुडा असायचाच आणि तो वाजायचाच.

सामुदायिक पारायणात हे दिसतं. कुणी भरभर वाचतो, कुणाला चष्मा सापडत नाही, एखादी आजी ओवीत अडखळते. "आमचा नेम मोडतो" म्हणून नाक मुरडणारेही असतात. पूर्वी बँकेत दिवसाचा हिशेब जुळला नाही तर फरक कुणाचा हे मागाहून बघायचं, आधी सगळ्यांनी मिळून तो शोधायचा, अशी रीत होती. आजीसाठी दोन ओव्या थांबलं तर नेम मोडत नाही. मागे राहिलेल्याला सोडून पुढे गेलेला नेम मात्र आपला राहत नाही, आपणच त्याचे होतो.

यंदा सप्ताहाला बसाल तेव्हा पोथीइतकंच शेजारच्या पाटाकडेही लक्ष असू द्या.

श्रीगुरुदेव दत्त!