गोळी कुणावर?

कॉमिक म्हंजे पोरखेळ असं म्हणून उडवून लावू नका. अमेरिकेत मार्व्हलनं १९८७ साली 'जी. आय. जो अँड द ट्रान्सफॉर्मर्स' ही ४ अंकांची मालिका काढली. एकीकडं परग्रहावरचे अजस्र यंत्रमानव, समोर हाडामांसाचा सैनिक. यंत्रमानवांत दोन तट. ऑटोबॉट माणसाला जपणारे, डिसेप्टिकॉन माणसाच्या मुळावर उठलेले. ग्रह एकच, धातू एकच. बंबलबी हा ऑटोबॉट एका पोराला सोडवायला गेला. सैनिकांनी नुसता सांगाडा बघितला न् त्याच्या चिंध्या उडवल्या.

सैनिक भ्याले असतील. लोखंडी धूड अंगावर आलं तर कोण भिणार नाही? पण भीती हा पुरावा नव्हे. तू काय केलंस, हे त्याला कुणी विचारलंच नाही. त्याच्या घडणीवरनंच निवाडा झाला, आणि आपली घडण कुणीच निवडलेली नसते.

पुढं बंबलबीला जोडून उभा करतात. नवं नाव देतात, गोल्डबग. मग हिशोब मिटला? मी म्हणतो, नाही. मेलेल्याची दुरुस्ती झाली. मारणाऱ्याच्या नजरेची कुणी करायची?