स्मरण आणि पाठभेद

स्मृती म्हणजे कोठार, अशी उपमा रूढ आहे. कणगीत भरलेला दाणा तसाच बाहेर निघतो, तद्वत ऐकले-पाहिलेले मनातून जसेच्या तसे निघावे, ही अपेक्षा. ही उपमा सदोष होय. विसर प्रारंभी वेगाने पडतो व पुढे मंदावतो, हे जर्मनीतील एबिंगहाउस यांनी 1885 साली निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून दाखविले. इंग्लंडमधील बार्टलेट यांचे 1932 मधील निरीक्षण याहून मार्मिक आहे. अपरिचित कथा पुनःपुन्हा सांगावयास लावली असता मनुष्य तिच्यातील अनोळखी भाग गाळतो, उरलेला आपल्या परिचयाच्या साच्यात बसवितो. आणि ऐकले तेच सांगत आहो, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. स्मरण ही दर वेळी होणारी नवी घडण आहे.

मग शंका अशी की, स्मरणावर उभ्या असलेल्या ग्रंथाचे प्रामाण्य ते काय? लीळाचरित्राविषयी हा प्रश्न टाळता येत नाही. सर्वज्ञांच्या उत्तरापंथगमनानंतर म्हाइंभटांनी जे जमविले ते भक्तांच्या आठवणींतूनच. परंतु त्यांची रीत पाहावी. एकाच्या सांगण्यावर ते थांबले नाहीत. अनेकांना विचारले, श्रीनागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. पुढे धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा हिराइसादिकांच्या पाठांतरातून ती पुन्हा उभी राहिली, असे परंपरा सांगते. पाठ सर्वत्र जुळेनात. तरी पूर्वजांनी एक खरा ठरवून इतर बुडविले नाहीत. ज्याचा पाठ त्याच्या नावाने राखला. कोणी यास दूषण मानील. आम्ही भूषण मानतो. विसरणे हा देहधर्म आहे. विसराचा खळगा कल्पनेने बुजवून वर सारवण करणे, हा मात्र दोष.

हा विचार पोथीपुरता नाही. रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाखाली इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती आले. शोधकार्य 23 जुलैला थांबले तेव्हा 57 जण बेपत्ताच होते. कोणाचे घर कोठे, त्या रात्री कोण कोठे निजले होते, याची पोथी नाही. आहे ती वाचलेल्यांची आठवण. भयाच्या क्षणी एखादी गोष्ट मनात घट्ट रुतते, क्रम मात्र विस्कटतो. अशा वेळी दोघांचे सांगणे जुळले नाही म्हणून एकास खोटे ठरविणे हा अन्याय आहे. दोघांचेही नावानिशी लिहून ठेवावे; म्हाइंभटांच्या वाटेने जाणाऱ्यास हे नवे नाही.

एक प्रश्न मात्र अवघड आहे. ज्याला विसरावयाचे आहे, त्याला पुनःपुन्हा आठवावयास लावणे ही हिंसा नव्हे काय? आमच्या मते आहे. नोंद कितीही मोलाची असो, तिच्यासाठी दुःखिताचे मन उकरण्याचा अधिकार कोणास नाही. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून जो कोणी हे लिहून ठेवू पाहील, त्याने समोरचा गप्प झाला की वही मिटावी. तेथे पाठ अपुरा राहील. तो अपुरा आहे, एवढेच लिहावे.